मोहरा उठला, मागे काय उघडं पडलं? क्लब पातळीवरचा एक डाव, खेळीगणिक

बुद्धिबळाच्या स्पर्धेतला डाव बघायला उभं राहिलं की बाहेरच्याला दोन माणसं तासन्‌तास गप्प बसलेली दिसतात. मधूनच कुणीतरी हात पुढे करतं, घड्याळाची कळ दाबतं, कागदावर काहीतरी खरडतं आणि पुन्हा शांतता. आत नेमकं काय चाललंय हे कळायला ग्रँडमास्टरचे डाव फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्या चुका पटावर येण्याआधीच टळलेल्या असतात. १५००–१६०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) दोन खेळाडूंचा डाव घेतला तर सगळं उघड दिसतं. म्हणून इथे एक नमुन्याचा डाव घेतला आहे. तो या लेखासाठीच रचलेला आहे, पण त्यातल्या चुका कुठल्याही रविवारी कुठल्याही स्पर्धेच्या मधल्या बोर्डांवर सापडतील अशा आहेत.

घरी पट असेल तर मांडून घ्या. घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या बाजूने बसल्यावर डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच; आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे आडव्या रांगा १ ते ८. पांढरा राजा सुरुवातीला ई१ वर, काळा ई८ वर. गुणिले चिन्ह म्हणजे मारलं. मोहऱ्याचं नाव नसेल तर ती प्याद्याची खेळी. प्रत्येक ओळीत आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची.

१. ई४, ई५
२. घोडा एफ३, घोडा सी६
३. उंट सी४, घोडा एफ६
४. घोडा सी३, घोडा × ई४
५. घोडा × ई४, डी५
६. उंट डी३, डी × ई४
७. उंट × ई४, उंट डी६
८. किल्लेकोट, किल्लेकोट
९. डी३, एफ५
१०. उंट × सी६, बी × सी६
११. हत्ती ई१, वजीर एफ६
१२. उंट जी५, वजीर जी६
१३. घोडा × ई५, उंट × ई५
१४. हत्ती × ई५, वजीर × जी५
१५. वजीर ई२, एफ४
१६. हत्ती × जी५, एफ३
१७. वजीर ई५, हत्ती एफ७
१८. वजीर ई८ शह, हत्ती एफ८
१९. वजीर × सी६. काळ्याने डाव सोडला.

एकोणीस खेळ्या. त्यात तेराव्या खेळीला पांढरा हरायला लागतो आणि पंधराव्या खेळीला काळा त्याहून जास्त हरतो. दोघांची चूक एकाच जातीची आहे. ती जात ओळखता आली, की निम्मे डाव कुठे फिरतात ते दिसायला लागतं.

आधी पटाबाहेरचं थोडं. समजा वेळ ९० मिनिटं आणि प्रत्येक खेळीला ३० सेकंद वाढीव, म्हणजे ९०+३०. हे क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, स्पर्धांत सर्रास असतं. ४० खेळ्यांचा डाव धरला तर वाट्याला ९० अधिक २० अशी ११० मिनिटं येतात, म्हणजे खेळीमागे सरासरी पावणेतीन मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतं. पण सरासरीने खेळायचंच नसतं. सुरुवातीच्या आठ-दहा पाठ खेळ्या मिळून दहा मिनिटांत व्हाव्यात आणि साठवलेला वेळ दहाव्या ते पंचविसाव्या खेळीदरम्यान खर्च व्हावा, असा साधारण हिशेब. क्लब पातळीवर बरेचदा उलटं होतं. ओपनिंगमध्ये 'पुस्तकात पुढे काय होतं बरं' हे आठवण्यात वीस मिनिटं जातात, आणि जिथे खरा प्रश्न उभा असतो तिथे खेळी चाळीस सेकंदांत पडते.

प्रत्येक खेळी स्कोअरशीटवर लिहायची. ३० सेकंदांची वाढीव वेळ असेल तर शेवटपर्यंत लिहायची. घड्याळात पाच मिनिटांहून कमी उरली तरी सूट नाही. एक गोष्ट जुन्या खेळाडूंना अजून जड जाते: खेळी आधी कागदावर लिहून, तिच्याकडे बघून, मग पटावर करायची ही सवय एके काळी शिकवली जायची. आताच्या नियमात ते चालत नाही. आधी खेळायचं, मग लिहायचं. अपवाद फक्त बरोबरीचा दावा करताना: तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल किंवा पन्नास खेळ्यांचा नियम (तेवढ्या खेळ्यांत कुणी काही मारलं नाही, प्यादंही हललं नाही) लागू होणार असेल, तर खेळी न करता ती लिहून पंचांना सांगायची.

आता डाव. पहिल्या तीन खेळ्या इटालियन पद्धतीच्या, शाळेतल्या मुलांपासून सगळ्यांना येणाऱ्या. पांढऱ्याचा सी४ वरचा उंट एफ७ कडे बघतो, काळ्याचा एफ६ वरचा घोडा ई४ वर हल्ला करतो. इथे पांढऱ्याने ई४ ला जोर देण्यासाठी, म्हणजे तिथे कुणी मारलं तर परत मारता यावं म्हणून, दुसरा घोडा सी३ वर काढला. दिसायला अगदी रास्त, पण या खेळीला एक ठरलेलं उत्तर आहे आणि काळ्याला ते माहीत होतं.

काळा चौथ्या खेळीला घोड्याने ई४ चं प्यादं मारतो. घोड्याच्या बदल्यात प्यादं? नाही. पांढऱ्याने घोडा मारला की काळा डी५ खेळतो, आणि ते एकटं प्यादं एकाच वेळी सी४ च्या उंटावर आणि ई४ च्या घोड्यावर चालून जातं. दोन्ही वाचवता येत नाहीत. पांढरा उंट डी३ वर घेतो, काळा घोडा मारतो, पांढरा उंटाने प्यादं मारतो. हिशेब बरोबर: दोघांचा एकेक घोडा गेला, एकेक प्यादं गेलं. पण काळ्याचं ई५ वरचं प्यादं मध्यभागी उभं आहे, पांढऱ्याचं ई४ वरचं गेलंय. हे टाळायचं होतं तर चौथ्या खेळीला साधं डी३ पुरेसं होतं.

पाचव्या खेळीला काही जण वैतागून उंटाने एफ७ चं प्यादं मारून शह देतात आणि राजाने उंट मारल्यावर मग घोड्याने ई४ चा घोडा मारतात. 'त्याचा किल्लेकोट तरी मोडला' हे समाधान. ते खोटं आहे. डी५ खेळून काळ्याला मध्यभाग मिळतो, दोन्ही उंट त्याच्याकडे राहतात, राजा पुढे जी८ वर सरकून घेतो.

सातव्या खेळीपर्यंत काहीच बिघडलेलं नाही. आठव्या खेळीला दोघांनी किल्लेकोट केला. नियमाची बारीक बाब: आधी राजाला हात लावायचा, दोन घरं सरकवायचा आणि मग त्याच हाताने हत्ती पलीकडे ठेवायचा. हत्तीला आधी हात लावला आणि मग राजाला, तर त्या खेळीला त्या बाजूला किल्लेकोट करता येत नाही, हत्तीच हलवावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत ही भानगडच नव्हती. शह लागलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची आणि प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर जायचं. घरी आजोबांकडून ती पद्धत शिकून आलेली मुलं पहिल्या स्पर्धेत राजा उचलून जी२ वर ठेवतात ती यामुळे. क्लासिकलमध्ये पहिल्या बेकायदा खेळीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात, दुसऱ्या बेकायदा खेळीला डाव जातो.

नवव्या खेळीला पांढऱ्याने डी३ खेळलं. सी१ च्या उंटाची वाट मोकळी केली, ई४ च्या उंटाला जोर दिला. एका दगडात दोन पक्षी. पण डी३ हे त्याच ई४ च्या उंटाचं परतीचं घर होतं. काळ्याने लगेच एफ५ खेळून उंटावर प्यादं घातलं, आणि आता तो उंट जाणार कुठे? मागे डी३ वर स्वतःचंच प्यादं. पुढे डी५ वर शह देत जाता येतं, नाहीतर सी६ वरचा घोडा मारायचा. डी५ वर गेला तर काळा राजा एच८ वर हलवेल आणि ई५–ई४ ची धास्ती डोक्यावर राहील. पांढऱ्याने घोडा मारून मोकळं व्हायचं ठरवलं.

दहा खेळ्यांनंतरची स्थिती मोजू. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९ हा नेहमीचा दर. दोघांकडे वजीर, दोन हत्ती, सात-सात प्यादी. पांढऱ्याकडे एक उंट, एक घोडा; काळ्याकडे दोन उंट. आकडा सारखा. काळ्याची सी पट्टीवर दोन प्यादी एकामागे एक आली आहेत, ही त्याची कमजोरी. दोन उंट आणि ई५–एफ५ ही प्याद्यांची जोडी, हे त्याचं बळ. थोडी सरशी काळ्याची, पण डाव कुणाचाही.

पांढऱ्याने हत्ती ई१ वर आणला. आता ई५ च्या प्याद्यावर दोन हल्ले: एफ३ चा घोडा आणि ई१ चा हत्ती. जोर एकाचाच, डी६ च्या उंटाचा. काळ्याने वजीर एफ६ वर ठेवून दुसरा जोर दिला. दोनास दोन. पांढऱ्याने उंट जी५ वर टाकून वजिराला उठवलं, काळा वजीर जी६ वर गेला.

इथे घड्याळ थांबवून बसावं अशी स्थिती आहे. वजीर एफ६ वरून उठला म्हणजे ई५ चा दुसरा जोर गेला. हल्ले दोन, जोर एक. शिवाय घोडा ई५ वर गेला की जी६ च्या वजिरावरही हल्ला. प्यादं मिळतं, वजिराला पुन्हा उठवता येतं, आणि पुढे सी६ चं प्यादं आहेच. पांढऱ्याने घोडा उचलला आणि ई५ चं प्यादं मारलं.

तो घोडा एफ३ वर बसून दुसरंही एक काम करत होता. जी५ च्या उंटाला त्याचा जोर होता, आणि फक्त त्याचाच. घोडा उठला, उंट उघडा पडला. काळ्याने उंटाने घोडा मारला, पांढऱ्याने हत्तीने तो उंट मारला, आणि काळ्याच्या वजिराने शांतपणे जी५ चा उंट उचलला. पांढऱ्याला मिळालं एक प्यादं आणि एक उंट, म्हणजे ४. गेलं एक घोडा आणि एक उंट, म्हणजे ६.

ही चूक 'दिसलं नाही' या सदरात टाकून लोक पुढे जातात. पण ती का दिसली नाही हे बघण्यासारखं आहे. पांढऱ्याने मोजणी केली होती, आणि ई५ पुरती ती बरोबरही होती: एक घेतलं, तीन दिले, तीन घेतले, प्याद्याचा फायदा. मोजणी एकाच घराची झाली, एवढंच. मोहरा जिथे जातो त्या घराकडे डोळे आपोआप वळतात. तो जिथून निघाला तिकडे मुद्दाम वळवावे लागतात.

दुसरी खूण काळ्याच्या खेळीतच होती. वजिराला एफ६ वरून जायला इतरही घरं होती. त्याने ई५ ला उघडं टाकणारं घर निवडलं. प्रतिस्पर्धी सरळसरळ काहीतरी फुकट देतोय असं वाटलं की आधी त्याचा मोहरा नव्या घरावरून काय काय बघतोय ते तपासायचं. जी६ वरचा वजीर जी५ कडे बघत होता. पांढऱ्याने उंट नुसता डी२ वर परत घेतला असता, तर ई५ वरची धमकी खरी झाली असती आणि काळ्याला तिची काळजी करत बसावं लागलं असतं.

चौदाव्या खेळीनंतर पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, सात प्यादी. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक उंट, सहा प्यादी. काळा जिंकतोय. पांढऱ्याने वजीर ई२ वर ठेवला, ई पट्टीवर हत्तीमागे. त्याला दुसरं फारसं करण्यासारखं नव्हतंही.

काळ्याने काय करायला हवं होतं ते फार सोपं, जवळजवळ कंटाळवाणं आहे. उंट डी७ वर काढायचा, म्हणजे दोन्ही हत्ती एकमेकांना दिसतील. मग ए८ चा हत्ती ई८ वर आणून मारामारी मागायची. एक मोहरा जास्त असताना मोहरे कमी करत गेलं की तो जास्तीचा मोहरा मोठा होत जातो. समजा पांढऱ्याने दुसरा हत्तीही ई१ वर आणला: ई८ वर पांढऱ्याचे तीन मोहरे रोखलेले, दोन हत्ती आणि मध्ये वजीर, आणि तिथल्या काळ्या हत्तीला जोर दोघांचाच, दुसऱ्या हत्तीचा आणि उंटाचा. तिनास दोन, मग पांढरा जिंकतो का? हत्ती हत्तीला मारतो, काळा हत्तीने मारतो, वजीर त्याला मारतो, उंट वजिराला मारतो, शेवटचा हत्ती उंटाला मारतो. पांढऱ्याने घेतले दोन हत्ती, एक उंट: १३. दिले एक हत्ती, एक वजीर: १४. पटावर उरला पांढऱ्याचा हत्ती आणि काळ्याचा वजीर. डोकी मोजून चालत नाही, कोण कितव्या नंबरवर मारतंय हेही बघावं लागतं. वजीर रांगेत मध्येच उभा असेल तर 'तिनास दोन' फसवं असतं.

काळ्याला मात्र हे कंटाळवाणं काम नको होतं. त्याला मात दिसत होती. एफ५ चं प्यादं एफ४ वर ढकललं की सी८ च्या उंटाची वाट एच३ पर्यंत मोकळी होते. पुढे एफ३, जी२ वर वजीर आणि उंट एकत्र, राजावर हल्ला. कल्पना खरंच देखणी आहे. त्याने एफ५ च्या प्याद्याला हात लावला.

आणि मग पाचवी रांग दिसली. ई५ वर पांढरा हत्ती, एफ५ वर काळं प्यादं, जी५ वर काळा वजीर. हत्ती आणि वजीर यांच्यामध्ये ते एकच प्यादं भिंतीसारखं उभं होतं, आणि काळ्याचं बोट त्याच प्याद्यावर.

टच-मूव्हचा नियम इथे निर्दय आहे. खेळण्याच्या हेतूने ज्या मोहऱ्याला हात लावला तो कायदेशीररीत्या हलत असेल तर तोच हलवायचा. प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला हात लावला आणि तो मारता येत असेल तर मारायचाच. घरात वाकडा बसलेला मोहरा सरळ करायचा असेल तर आधी 'अ‍ॅडजस्ट' किंवा फ्रेंचमध्ये 'जादूब' म्हणायचं आणि मग हात लावायचा. हात लावल्यावर म्हणून उपयोग नाही. चुकून कोपर लागलं, बाही अडकली तर हा नियम लागत नाही. आणि प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला असं वाटत असेल तर स्वतःच्या मोहऱ्याला हात लावण्यापूर्वीच पंचांना बोलवायचं. आपण पुढची खेळी करायला मोहरा उचलला की तक्रारीचा हक्क गेला.

उचललेला मोहरा हातातून सोडेपर्यंत वेगळ्या घरावर ठेवायची मुभा असते. वजीर किंवा उंट असता तर काळ्याला दहा घरांतून कमी वाईट घर निवडता आलं असतं. प्याद्याला तीही सोय नाही. एफ५ च्या प्याद्याला ई४ वर किंवा जी४ वर मारायला काही नव्हतं, म्हणजे जाण्याजोगं घर एकच: एफ४. काळ्याने ते खेळलं, पांढऱ्याने हत्तीने वजीर उचलला.

तेराव्या खेळीला घोडा आणि पंधराव्याला प्यादं, या दोन चुका शेजारी ठेवून बघा. घोडा उंटाला जोर देत होता, प्यादं वजिराला आडोसा देत होतं. दोघांचंही काम न दिसणारं होतं, कारण ते नुसतं जागेवर बसून चाललं होतं. नवव्या खेळीचं डी३ हेही त्याच घराण्यातलं, फक्त कमी खर्चाचं: तिथे जोर नव्हे, वाट गेली. शिकवताना 'खेळी करण्याआधी शह, मारामारी, धमकी बघा' असं सांगतात आणि ते योग्यच आहे. पण ती तिन्ही उत्तरं पुढच्या घराबद्दलची आहेत. या डावात दोघांनाही वाचवणारा प्रश्न मागच्या घराबद्दलचा होता: हा मोहरा आत्ता इथे कशासाठी उभा आहे? व्यवहारात तो विचारायची जागा ठरवून घ्यावी लागते. खेळी मनाशी पक्की झाली की हात मांडीखाली ठेवायचा, जो मोहरा उचलणार तो पटावर नाहीच अशी कल्पना करायची, आणि त्याच्या घरातून जाणाऱ्या चार रेषा बघायच्या: आडवी, उभी, दोन तिरप्या. घोड्याच्या बाबतीत त्याच्या उडीची आठ घरंही. सवय झाली की दहा सेकंद लागतात. ९०+३० च्या डावात खेळीला तीस सेकंद तर नुसते वाढीवच मिळतात.

पुढचं लवकर संपतं. सोळाव्या खेळीला काळा एफ३ खेळतो, त्यात एक शेवटचं जाळं आहे. ई२ च्या वजिराने ते प्यादं मारलं तर एफ पट्टी मोकळी होऊन एफ८ चा हत्ती वजीर उडवेल, आणि हत्तीच्या बदल्यात वजीर गेल्यावर सरळ जिंकलेला डाव पुन्हा झगड्याचा होईल. हरताना असं काहीतरी टाकून बघणं रास्तच. क्लब पातळीवर ते लागूही पडतं. पांढऱ्याने या वेळी घाई केली नाही. वजीर ई५ वर नेला, जी७ वर मातेची धमकी: जी५ च्या हत्तीचा जोर आहे, राजाला पळायला घर नाही. काळ्याने प्याद्याने जी२ मारलं असतं तर लगेच मात होती. हत्ती एफ७ वर आणून जी७ राखलं. वजिराचा ई८ वर शह, हत्ती परत एफ८ वर, दुसरी खेळीच नाही. मग वजिराने सी६ चं प्यादं मारलं आणि त्या तिरप्या रेषेत ए८ चा हत्ती सापडला. सी८ वर उंट आडवा असल्यामुळे दोन हत्ती एकमेकांना जोर देऊ शकत नाहीत. उंट एच३ वर उडवून वाट मोकळी केली तर जी२ चं प्यादं उंटच मारतं. डाव सोडला.

या डावात काळ्याचा सी८ चा उंट आणि ए८ चा हत्ती एकदाही हलले नाहीत. एकोणीस खेळ्यांत आठ मोठ्या मोहऱ्यांपैकी दोन मोहरे घरीच. पंधराव्या खेळीला उंट डी७ नुसता वजीर वाचवत नव्हता, तो या दोघांनाही कामाला लावत होता. पांढऱ्याचा ए१ चा हत्तीही घरीच राहिला, पण जिंकणाऱ्याला कुणी ते विचारत नाही.

डाव सुटल्यावर घड्याळ थांबवायचं, हात मिळवायचा, दोन्ही स्कोअरशीटवर निकाल लिहून दोघांनी सह्या करायच्या आणि पंचांकडे द्यायच्या. सही करण्याआधी निकाल नीट वाचावा. १–० आणि ०–१ ची अदलाबदल वाटते तितकी दुर्मीळ नसते.

आता रेटिंगचं काय होतं? समजा पांढरा १५२०, काळा १६१०. फरक ९०. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० पासून स्वीकारलेल्या एलो पद्धतीत प्रत्येक फरकामागे अपेक्षित गुण ठरलेले आहेत. ९० च्या फरकाला वरच्या खेळाडूकडून ०.६२ आणि खालच्याकडून ०.३८ गुण अपेक्षित. पांढऱ्याने १ मिळवला, अपेक्षेपेक्षा ०.६२ जास्त. ३० रेटेड डाव झालेल्या आणि २४०० ला कधीच न पोचलेल्या प्रौढ खेळाडूचा गुणक २०. म्हणून ०.६२ गुणिले २०, म्हणजे १२.४ ची वाढ. काळ्याची तेवढीच घट. नवख्यांना आणि २३०० च्या खालच्या, अठरा वर्षांआतल्या मुलांना गुणक ४०, म्हणजे हाच डाव त्यांच्यासाठी दुप्पट वजनाचा. १ मार्च २०२४ पासून फिडेची किमान रेटिंग १००० वरून १४०० झाली आहे, त्यामुळे जुने आकडे आणि आजचे आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. तेव्हाचा १२५० आणि आजचा १५५० एकाच ताकदीचा असू शकतो.

उरलं ते हॉलबाहेरच्या टेबलावरचं पोस्टमॉर्टेम. तिथे बहुतेक वेळ वजीर कसा गेला यावरच जातो, पण बघण्यासारखी खेळी चौदावी आहे. पांढऱ्याने ई५ मारलं, काळ्याने उंटाने घोडा मारला. आता लगेच हत्तीने उंट मारायची घाई का? तो ई५ वरचा उंट कुठे पळत नाही. आधी जी५ चा उंट ई७ वर टाकला असता तर उघडा पडलेला उंट जागेवरून निसटला असता आणि जाता जाता एफ८ च्या हत्तीवर हल्लाही झाला असता. हत्ती ई८ वर हलवला तर पांढरा हत्तीने ई५ चा उंट मारतो, त्याच हत्तीचा ई७ च्या उंटाला जोर मिळतो, आणि पांढरा चक्क एक प्यादं पुढे. ई५ चा उंट डी६ वर घेतला तर ई७ चा उंट एफ८ चा हत्ती मारून मरतो: प्यादं आणि हत्ती मिळाले, घोडा आणि उंट गेले, सहास सहा. काळ्यासाठी सगळ्यांत बरं म्हणजे बी२ चं प्यादं मारणं; त्यात त्याची थोडी सरशी राहते, पण उंट फुकट मिळत नाही. काळ्याने तेराव्या खेळीलाच आधी वजिराने जी५ चा उंट मारला असता तर ही फट राहिलीच नसती, मात्र तेव्हा पांढऱ्या घोड्याला सी६ चं प्यादंही मारता आलं असतं. म्हणजे 'पांढऱ्याने उंट घालवला' आणि 'काळ्याने तो अचूक टिपला' ही दोन्ही वाक्यं अर्धवटच खरी. मारलेल्या मोहऱ्याला लगेच परत मारायचंच असतं या सवयीने हात चालला, आणि ई७ चं घर रिकामं आहे हे डाव चालू असताना दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.